वाटाड्याचं घर

बूट काढा, चुलीपाशी ठेवा.
राकी घ्या आधी, मग विचारा काय ते.
खिंडीअलीकडलं हे शेवटचं घर.
आडनाव आमचं कुणी घेत नाही,
खोऱ्यात सगळे म्हणतात, वाटाड्याचं घर.
वर नुसता चुनखडीचा कडा
आणि सावलीत जूनपर्यंत पडून राहणारा बर्फ.

जी जी फौज इथवर आली
तिने हेच दार ठोठावलं.

तुर्कांना वाट कुणी दाखवली, नाव उरलं नाही.
तीन दिवस त्याने त्यांना
एकाच सुळक्याभोवती फिरवलं म्हणतात.
चौथ्या दिवशी दाखवली.
पोरगं ओलीस होतं त्यांच्या छावणीत.
पोरगं परत आलं.
पण पुढे सात वर्षं
या चुलीतला विस्तव मागायला
गावातलं कुणी आलं नाही.

मग आले सर्ब. एकदा जाळायला,
आणि तीनच हिवाळ्यांनी, हरून,
पायांना पोत्यांच्या चिंध्या बांधून.
तेच होते. काहींचे चेहरेही ओळखीचे.
ल्युलाश पणजोबांनी कुऱ्हाड घेतली, दार उघडलं,
आणि दारातला म्हणाला, भाकरी.
आता हे तुम्हाला कसं सांगू,
आमच्यात उंबऱ्यावर भाकरी मागितली
की वैरी पाहुणा होतो,
मग तो तुम्हाला आवडो न आवडो.
पणजोबांनी कुऱ्हाडीने लाकडं फोडली.
पहाटे त्यांना खिंड पार करून दिली,
वाटेत जे बसले ते बसलेच राहिले.
पैसे नव्हते त्यांच्याकडे. एकाने बिगुल दिला.
पणजीने त्याचं तोंड कापून नरसाळं केलं.
तुमच्या पेल्यातली राकी
त्यातूनच आली बाटलीत.

इटालियनांकडे नकाशे होते.
नकाशावाल्याला वाटाड्या कशाला?
नकाशात एक ओढा होता,
तो फक्त एप्रिलमध्ये वाहतो.
ते गेले ऑगस्टमध्ये.

जर्मन थांबले नाहीत फार.
त्यांचं एक शिरस्त्राण कोंबड्यांना पाणी पाजायला आहे,
उजेडात बघा, ठोकून ठोकून पसरट झालंय.

पण तुम्ही तो सिमेंटचा घुमट विचारलात.

तो ज्याच्यासाठी बांधला
तो शत्रू आलाच नाही.
येणार, येणार, रेडिओ रोज सांगायचा.
खिंड बंद. वाटेवर गवत चढलं.
वाटाड्याच्या घरात पहिल्यांदाच
वाट माहीत असणं हा गुन्हा झाला.
पाश्क, माझे सासरे, अकरा हिवाळे त्यात बसले,
फटीतून खिंडीकडे बघत, मांडीवर बंदूक.
गुडघे तिथेच गेले त्यांचे.

झेफ त्यांचा धाकटा भाऊ.
पांढऱ्या दगडापाशी डावीकडे,
मग बर्फाच्या कडेने, आवाज न करता.
हे त्याला लहानपणी कुणी शिकवलं असेल
ते तुम्ही समजून घ्या.
नोव्हेंबरात तो निघाला. वरपर्यंत पोचला.
इतक्या फौजा गेल्या या खिंडीतून,
आमच्या घरातला माणूस तिथे
कुणी मारला नव्हता तोवर.

त्या रात्री घुमटात पाळी कुणाची होती,
या घरात विचारत नाहीत.
मी सून म्हणून आले
तेव्हा द्राने सासूबाईंनी मला सांगितलेली
ही पहिली गोष्ट. मीठ कुठे असतं ते नंतर.

आता तिथे आम्ही चीज ठेवतो.
भिंत जाड आहे, चांगलं मुरतं.
सकाळी देतेच शिदोरीत.

पाच वाजता माझी मुलगी म्रिका येईल तुमच्यासोबत.
तिच्या पुढे जाऊ नका.
बाहेर बाकावर सासरे असतील,
आम्ही उठायच्या आधीपासून असतात.
विचारतील, किती जण आहात?
हसू नका, नीट सांगा.
संध्याकाळी पलीकडच्या गावातून
पोचलात की फोन करा.
तोवर ते आत येत नाहीत.